धुळीआडची तारकाविश्वे

माजिवड्याच्या नाक्यावर संध्याकाळी उभे राहिले, म्हणजे येऊरच्या डोंगरामागे उतरणारा सूर्य तांबडालाल दिसतो. दुपारी डोळे दिपवणारा पांढरा सूर्य तो हाच. मग हा फरक का पडतो? सूर्य बदललेला नसतो. त्याच्या प्रकाशाची वाट बदललेली असते. मावळतीचे किरण हवेच्या फार लांब थरातून येतात. हवेचे अणुरेणू आणि बारीक धूळ निळा प्रकाश इकडेतिकडे उधळून देतात. तांबडा तेवढा बराचसा सरळ पोहोचतो.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. काचेच्या पेल्यातल्या पाण्यात दुधाचे चार थेंब टाका आणि पलीकडून विजेरीचा झोत सोडा. समोरून दिवा मंद व तांबूस दिसेल. बाजूने पाहिले, तर पाणी निळसर दिसेल.

आकाशातही हाच प्रकार चालतो. कार्तिकातल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या अंधारात आकाशगंगेचा पट्टा पाहा. हंस तारकासमूहापासून दक्षिणेकडे तो मधोमध चिरल्यासारखा वाटतो. तिथे तारे नाहीत असे नव्हे. त्यांच्या पुढे धुळीचे ढग आहेत. ताऱ्यांमधल्या पोकळीत अशी धूळ पसरलेली आहे, हे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर या ज्योतिर्विदाने दूरच्या तारकागुच्छांची मोजमापे घेऊन दाखवून दिले. ही धूळ आपल्या रस्त्यावरची नव्हे. वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे हे कण; बरेचसे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. म्हणूनच ते तांबड्यापेक्षा निळ्या प्रकाशाला जास्त अडवतात.

आता खरी अडचण पाहा. तारे जन्मतात तेच मुळी वायू आणि धूळ यांच्या ढगांत. जिथे जन्म अधिक, तिथेच बहुधा पडदाही दाट! सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर, एम ८२ नावाचे तारकाविश्व आहे. तिथे तारे झपाट्याने जन्मतात. नवे, मोठे तारे निळे असतात. पण धुळीमुळे त्यांचा प्रकाश मंद आणि तांबूस होऊन येतो. तांबूसपणा तर म्हाताऱ्या ताऱ्यांचीही खूण! धूळ जमेस धरली नाही, तर बाळंतघराला वृद्धाश्रम समजण्यासारखी चूक होईल आणि जन्मांची मोजणी फारच कमी भरेल.

हा हिशेब दुरुस्त कसा करतात? नव्या ताऱ्यांभोवतीचा तप्त हायड्रोजन ठराविक रंगांच्या रेषांत प्रकाशतो. त्यातली तांबडी रेषा निळसर हिरव्या रेषेच्या सुमारे २.९ पट तेजस्वी असते. दुर्बिणीतून ती ४ किंवा ५ पट दिसली, तर निळसर प्रकाश वाटेत गळाला, हे उघड झाले. किती गळाला, यावरून धूळ किती तेही निघते. दुसरा ताळा उष्णतेचा. धुळीने गिळलेला प्रकाश नाहीसा होत नाही. कण तापतात आणि अवरक्त किरण सोडतात. १९८३ साली आयरास या उपग्रहाने अशी कितीतरी तारकाविश्वे टिपली. उलट, जंबुपार किरणांना धूळ सर्वांत जास्त अडवते. त्यामुळे २०१५ साली भारताने सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटच्या जंबुपार दुर्बिणीची चित्रे वाचतानाही ही दुरुस्ती करावीच लागते.

आणि धुळीला जुमानत नाहीत अशाही लहरी आहेत. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. ती ताऱ्यांचा प्रकाश पाहत नाही, तारकाविश्वांतून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. श्रोतेहो, हे भाषण तुमच्या घरी पोहोचवणाऱ्या लहरीही त्याच जातीच्या. डोळ्यांपुढे पडदा आला, म्हणजे पलीकडचे ऐकून समजून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.