लोखंडी शर्यत आणि मातीचा किल्ला

आमच्या घरी पहाटे चारला गजर वाजतो. परीक्षेला बसलेले घरात कोणी नाही, पाळण्यातले मूल नाही, की पहाटेची गाडी कोणाला गाठायची नाही. तरीही गजर वाजतो. आणि ज्यांच्यासाठी तो वाजतो ते सोडून घरातली बाकीची सारी माणसे जागी होतात. कारण 'हे' त्याआधीच उठून सोप्यात बुटांच्या नाड्या बांधत बसलेले असतात!

आमचे मुरगूड म्हणजे वेदगंगेच्या काठचे, कागल तालुक्यातले उसाचे गाव. व्यायामाचे इथे कोणाला नवल नाही. इथल्या तालमींतून मुलांच्या बरोबरीने मुलीही लाल मातीत आणि मॅटवर घुमतात, आणि त्यांनी गावाचे नाव दूरवर नेले आहे. तेव्हा पहाटे कोणी जोर-बैठका काढू लागला तर शेजारी कौतुकच करतात. पण पंचेचाळिशीला टेकलेला, बँकेत नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप आधी नदीत पोहतो, ओल्या अंगाने सायकलवर टांग टाकतो आणि सायकलवरून उतरल्याउतरल्या पळत सुटतो, हे पाहून गावाने आधी तोंडात बोट घातले आणि मग मला विचारायला सुरुवात केली, "बाई, साहेबांचं सगळं बरं आहे ना?"

या खेळाला ट्रायथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये विसावा नाही. घड्याळ एकदा सुरू झाले की कपडे बदलण्याचा वेळही त्यातच धरतात. म्हणून त्या बदलाबदलीला जाणकार गमतीने चौथा खेळ म्हणतात. पोहणे पहिले का, याचे कारण सरळ आहे. थकलेला माणूस सायकलवरून उतरू शकतो, धावता धावता बसू शकतो. पण पाण्यात त्याने काय करायचे? ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे. याच्या पलीकडची ती 'आयर्नमॅन', म्हणजे आमच्या सासूबाईंच्या भाषेत 'लोखंडी शर्यत': ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची आख्खी मॅरेथॉन. या सगळ्याच्या निम्म्याची एक शर्यत असते. आमच्या ह्यांनी धरली ती निम्मी. पण निम्मे लोखंड झाले तरी ते लोखंडच!

या वेडाचा उगम आमच्या घरी एका कागदात आहे. २०२३ सालच्या आरंभी बँकेतल्या मंडळींची रक्ततपासणी झाली आणि ह्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असल्याचे निघाले. माझे सासरे याच दुखण्याने गेले होते. त्या रात्री हे जेवले नाहीत. झोपलेल्या मुलांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धाकटा पंचवीस वर्षांचा होईल तेव्हा मी त्रेसष्टचा असेन. तेवढं तरी राहायला पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून चालणे सुरू झाले, चालण्याचे पळणे झाले, कोणी तरी सायकल दाखवली, आणि मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली, झ्युरिकची पुरी लोखंडी शर्यत पार केल्याचे वाचून तर आमच्या घराची दिशाच बदलली. सायकल आली ती माझ्या पाटल्यांसाठी साठवलेल्या पैशांतून. तिचे वजन धाकट्याच्या निम्मेही नाही आणि किंमत मात्र दुभत्या म्हशीची!

पोहण्याची सोय नदीने केली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी तुंबलेले असते. पाऊस सरला की ते संथ पाणी दूरवर पसरते. याच नदीत हे लहानपणी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले होते. आता मात्र पाण्यात शिरताना कमरेला केशरी फुगा बांधतात, आणि काठावर एक पोहणारा सोबती उभा असल्याखेरीज पाण्यात उतरायचे नाही, ही माझी अट. सायकलचा रस्ता निपाणीकडचा, नाही तर आदमापूरवरून मुदाळतिट्ट्याकडचा. अमावास्येला बाळूमामांच्या दर्शनाची गर्दी, आणि उसाच्या हंगामात अंधारातून दिव्यांशिवाय येणाऱ्या ट्रॉल्या; त्या दिवसांत हे घरी परतेपर्यंत माझा चहा गळ्याखाली उतरत नसे. पावसाळ्यात सायकल सोप्यातच एका घोडीवर चढवली जाई. हे तासभर घाम गाळीत, आणि सासूबाई जपमाळ थांबवून विचारीत, "आरं, येवढं पायडल मारलंस, मुदाळतिट्टा तरी आला का?"

मुलांना पहिल्या वर्षी या साऱ्याचे भारी अप्रूप. थोरला तेव्हा दहा वर्षांचा, धाकटा सहा. दोघे बाबांचे घड्याळ लावीत, बाटल्या भरीत, बाबांच्या पायाला तेल चोळताना भांडत. मला वाटे, बरेच झाले. उपदेश करून जे शिकवता येत नाही ते मुले बघून शिकतात. कोल्हापूरच्या मातीला हे नवे का आहे? खाशाबा जाधवांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. गोळेश्वरच्या त्या घरात पाच मुलगे होते, खाशाबा त्यांतले धाकटे. लहानपणापासून ते वडिलांच्या हाताखाली मातीत उतरले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. ही कथा मी वर्गात दर वर्षी सांगते. सांगताना घरचा केशरी फुगाही डोळ्यांपुढे येई, हे कबूल करते.

पण वाचकहो, कौतुकाला दुसरी बाजू असते आणि ती बहुधा रविवारी दिसते.

या शर्यतीच्या तयारीत लांबची सायकल आठवड्यातून एकदा करावीच लागते, आणि नोकरदार माणसाला ती रविवारीच जमते. ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरून आल्यावर लगेच अर्धा तास पळायचे; सायकलवरून उतरलेले पाय ओंडक्यासारखे जड होतात, त्यांना सवय लावायची म्हणून. मग खाणे, मग झोप. संध्याकाळी हे उठत तेव्हा रविवार संपलेला असे. २०२३ च्या दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ल्यासाठी दगड रचले, माती कालवली आणि बाबांची वाट पाहिली. तो किल्ला बुरुजापर्यंत गेलाच नाही. वसुबारसेला माती वाळून भेगाळली होती.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्याची निबंधाची वही माझ्या हाती आली. शाळेतल्या बाईंनी विषय दिला होता, 'माझा आवडता वार'. त्याने लिहिले होते की, माझा आवडता वार सोमवार आहे, कारण सोमवारी बाबा बँकेत असतात आणि ते घरी का नाहीत हे आम्हाला ठाऊक असते. रविवारी ते घरी असतात. पण झोपलेले असतात, म्हणून आम्ही हळू बोलतो.

गेली वीस वर्षे मी निबंध तपासते आहे. त्या निबंधात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. लाल पेन हातात धरून मी तशीच बसून राहिले.

रात्री ती वही ह्यांच्या पुढ्यात ठेवली. वाचून ते गप्प राहिले, मग जरा चिडलेच. "मी हे कुणासाठी करतोय? त्यांच्यासाठीच ना?" असे म्हणून त्यांनी मला अमेरिकेतल्या डिक हॉइट यांची गोष्ट ऐकवली. त्यांचा मुलगा रिक याला जन्मतःच मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्याला चालता येईना, बोलता येईना. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून हा बाप धावला. पुढे ट्रायथलॉनमध्ये त्याला छोट्या होडीत बसवून ती दोरीने अंगाला बांधून पोहला, आणि सायकलच्या पुढच्या आसनावर बसवून डोंगर चढला. हवाईतली पुरी लोखंडी शर्यतही या बापलेकांनी पार केली. हजारावर शर्यती दोघांनी मिळून केल्या. डिक २०२१ साली गेले, रिक २०२३ साली.

गोष्ट मलाही ठाऊक होती. मी एवढेच म्हटले, "पण १९७७ साली पहिल्या शर्यतीला जाऊ या, असं त्या मुलानंच बापाला सांगितलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बोलल्यावर मलाच वाईट वाटले. कारण साखरेचा तो कागद मीही विसरले नव्हते. दीड वर्षात साखर उतरली होती. ह्यांचे वजन अकरा किलोंनी कमी झाले होते. रात्रीचे घोरणेही थांबले होते. मुलांना बाप दीर्घकाळ हवा हे खरे. पण येत्या रविवारी हवा, हेही खरेच. यांतले कोणते खरे मोठे, ते सांगणारा ताजवा अजून कोणी केलेला नाही.

गंमत अशी की, या खेळाच्या जन्मकथेतच घरदार आहे. १९७४ साली सॅन डिएगोच्या मिशन बे येथे जी आद्य ट्रायथलॉन झाली, तिच्यात जॉन कॉलिन्स हे अमेरिकन नौदलातले अधिकारी, पत्नी जूडी आणि दोन मुले यांच्यासह उतरले होते. पुढे हवाईत, पोहणारा बळकट की पळणारा की सायकलवाला, असा वाद निघाला तेव्हा याच दांपत्याने तिन्ही एकत्र करण्याची टूम काढली. १९७८ च्या फेब्रुवारीत पंधरा जण निघाले आणि बारा जणांनी ती पहिली लोखंडी शर्यत पुरी केली.

आमच्या घरी तह झाला तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर. महिन्याचे दोन रविवार सायकलचे, दोन मुलांचे. मुलांच्या रविवारांभोवती थोरला निळ्या पेन्सिलीने गोल काढी, आणि त्या गोलाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बुडालेली सायकल हे आठवड्यातल्या पहाटेत भरून काढू लागले. पण तीन तासांचे काम दीड तासात बसत नाही, हे बँकेच्या माणसाला काय सांगायचे?

२०२४ च्या ऑक्टोबर अखेरीस, दिवाळी चार दिवसांवर आलेली असताना, आम्ही सारे पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर उभे होतो. २०१९ पासून तिथे ही निम्मी शर्यत होऊ लागली आहे: समुद्रात १.९ किलोमीटर, सायकल ९० आणि धावणे २१.१. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा. हे समुद्रातून बाहेर आले तेव्हा धाकटा इतका ओरडला की, शेजारच्या परक्या बाईंनी त्याला चॉकलेट दिले. मग ऊन चढले. सायकलवाले येत होते, जात होते. आमचे हे शेवटच्या फेरीवरून परतले तेव्हा मुदत उलटून सहा मिनिटे झाली होती. एका स्वयंसेवकाने अदबीने वाकून त्यांच्या घोट्याची चिप सोडवून घेतली. ती सोडवताना हे त्याला "थँक्यू" म्हणाले. ते मला कधीच विसरता येणार नाही.

परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. घाट चढताना मागच्या आसनावरून थोरल्याचा आवाज आला, "बाबा, माझ्या निबंधामुळं तुम्ही हरलात का?"

ह्यांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि मागे वळून म्हणाले, "नाही रे. चढावर पायात गोळे आले, म्हणून हरलो."

"पण रविवारी सायकल केली असती तर गोळे आले नसते ना?"

खोटे बोलायची संधी होती. हे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कदाचित आले नसते. पण ते रविवार मी तुला आपणहून दिले होते. दिलेल्या गोष्टीचा हिशेब आपण मागत नाही."

थोरल्याने खिडकीबाहेर तोंड वळवले. धाकट्याने मात्र शांतपणे विचारले, "मग आता किल्ला करायचा ना?"

दुसऱ्या दिवशी ह्यांना जिना उतरता येत नव्हता. तरी रजेच्या दिवशी भिंतीला धरधरून अंगणात आले, पाटावर बसले आणि तिघांनी मिळून भुदरगड बांधला. थोरल्याने तटबंदी घातली, धाकट्याने हळीव पेरले, सासूबाईंनी मावळ्यांची जुनी टोपली माळ्यावरून काढून दिली. शेजारच्या मंडळींनी विचारले, "साहेब, शर्यतीचं काय झालं?" त्यावर ह्यांच्या आधी थोरलाच म्हणाला, "सहा मिनिटं कमी पडली. समुद्र पोहून आले पण!"

आता गजर पुन्हा चारला वाजतो. ह्यांनी पुन्हा नाव घालायचे ठरवले आहे. नव्या दिनदर्शिकेवर निळे गोल काढायचे काम थोरल्याकडेच आहे. परवा भाजी निवडताना मी सहज वर पाहिले, तर एका महिन्यात निळा गोल एकच होता. मला वाटले, पोरगा विसरला. जवळ जाऊन पाहते तो उरलेल्या एका रविवारी बारीक अक्षरात लिहिले होते, 'आदमापूरपर्यंत मी पण. माझी सायकल.'

अक्षर गिचमिड होते. मी मात्र त्याला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.