पिकनिकचा पाऊस आणि अटलांटिकची वादळे

मंडळाच्या समितीत मी आले ती खुर्च्या मांडायला आणि चहाच्या थर्मासवर लक्ष ठेवायला. पण माझ्या बॅकयार्डात पर्जन्यमापक आहे हे एकदा कुणाला तरी कळले आणि तेव्हापासून समितीचे 'हवामान खाते' माझ्याकडे आले ते कायमचेच. पिकनिकच्या आठवड्यात फोन सुरू होतात. "अगं, शनिवारी पाऊस आहे का? पावभाजीचे सामान आणायचे की नाही ते सांग." मी हवामानशास्त्रज्ञ नाही, केमिस्ट आहे. हा निव्वळ छंद. तरीही न्यू जर्सीतला उन्हाळा आणि दूर समुद्रावरची हरिकेन्स यांच्यावर नजर ठेवता ठेवता काही गोष्टी कळल्या, त्या आपल्या घरांना उपयोगी पडतील असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्यांदा त्या 'चाळीस टक्के' विषयी. टीव्हीवर शनिवारी पावसाची शक्यता ४० टक्के म्हटले, की कुणी समजते दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस, कुणी समजते ४० टक्के जोराचा पाऊस. तसे नाही. त्या भागातल्या कोणत्याही एका ठिकाणी, समजा आपल्या पार्कमध्ये, निदान एक शतांश इंच पाऊस पडण्याची शक्यता दहात चार, एवढाच त्याचा अर्थ. तो पाऊस दहा मिनिटे पडेल की तीन तास, हे त्या आकड्यात नसते. आपल्याकडे जुलैत बहुतेक वेळा दुपारी तीन-चारनंतर पश्चिमेकडून, पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने, गडगडाटी ढग येतात, तासभर धिंगाणा घालतात आणि समुद्राकडे निघून जातात. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो: पिकनिक रद्द करू नका, जेवण साडेबाराला उरका आणि खो-खो आधी घ्या. (जेवण साडेबाराला होणे हे हवामानापेक्षाही अवघड, ही गोष्ट वेगळी.)

मात्र विजेच्या बाबतीत मी खवट आहे. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, मग डोक्यावर पाऊस असो वा नसो. अशा वेळी पार्कातल्या चार खांबांच्या शेडमध्ये गर्दी करून उभे राहणे हा आसरा नव्हे. वर छप्पर असले तरी बाजू उघड्या असतात. पक्की इमारत, नाहीतर काचा वर केलेली मोटार. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास तिथेच. मुले कुरकुरतात, कुरकुरू द्यावीत.

उकाड्याचे गणित केमिस्टला जवळचे. लोक ह्युमिडिटीचा टक्का पाहतात. मी ड्यू पॉइंट, म्हणजे दवबिंदू पाहते. सकाळी साठ फॅरनहाइटला ९० टक्के आर्द्रता असली तरी हवा छान वाटते, आणि दुपारी नव्वदला ५५ टक्के असली तर जीव नकोसा होतो. टक्का तापमानाबरोबर बदलत राहतो. दवबिंदू हवेत वाफ खरोखर किती आहे ते सांगतो. साठच्या खाली असला की सुखाचे, सत्तरच्या वर गेला की चिकचिक, पंचाहत्तरला पोचला की समजावे, मुंबईचा जुलै इथे आला. घरी मोजायचा असेल तर स्टीलच्या पेल्यात पाणी घ्या, थर्मामीटर ठेवा, बर्फाचे तुकडे एकेक टाकून ढवळत राहा. पेल्याला बाहेरून घाम फुटला की तापमान वाचा. तोच दवबिंदू, अगदी अचूक नाही, पण जवळपास. सुट्टीत कंटाळलेल्या मुलांना हा प्रयोग अर्धा तास पुरतो. दवबिंदू सत्तरच्या वर असताना ढग आला, तर तो थोड्या वेळात खूप पाणी ओततो, हे लक्षात ठेवण्यासारखे.

आता पर्जन्यमापक. अमेरिकेत कोकोरॉझ नावाचे हौशी निरीक्षकांचे जाळे आहे. त्याच्या जन्माची कथा अशी: २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावाच्या एका टोकाला चौदा इंचांहून अधिक पाऊस झाला, तर काही मैलांवर दोन इंचसुद्धा नाही. पूर आला, पाच माणसे गेली. पाऊस नेमका कुठे किती पडला हे सरकारी मापकांच्या विरळ जाळ्यातून कळणे शक्य नव्हते. तेव्हा १९९८ मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या हवामानतज्ज्ञांनी सामान्य लोकांच्या अंगणातच मापके बसवायला सुरुवात केली. आपल्यापैकी ज्यांना २६ जुलै २००५ आठवतो त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७४ च्या आसपास. कुलाब्याचा आकडा पाहून कुणी निश्चिंत झाला असता, तर अंधेरीत अडकलेल्यांची कल्पनाही त्याला आली नसती.

मापक अगदी साधा. चार इंच व्यासाचा प्लास्टिकचा दंडगोल, वर नरसाळे, आत एक अरुंद नळी. नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ नरसाळ्याच्या एक दशांश, त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच दिसतो आणि शतांश इंचापर्यंत वाचता येतो. नळी भरली की जास्तीचे पाणी बाहेरच्या दंडगोलात जमते. तेही नंतर नळीत ओतून मोजायचे. रोज सकाळी सातच्या सुमारास वाचन घ्यायचे आणि कळवायचे. पाऊस नसला तरी शून्य लिहायचे. नव्या माणसाला हे पटत नाही, पण न लिहिलेले आणि शून्य यात फार फरक आहे. दुष्काळाचा अभ्यास शून्यांवरच चालतो. माझ्या प्रयोगशाळेतल्या वहीलाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे मला तो जड गेला नाही.

ऑगस्ट लागला की माझे लक्ष अंगणातून आफ्रिकेकडे वळते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दर तीन-चार दिवसांनी ढगांचा एक पुंजका अटलांटिकवर उतरतो. बहुतेक विरून जातात. ज्यांना २६.५ सेल्सियसच्या वर तापलेला समुद्र मिळतो आणि वरच्या थरातले वारे आडवे येत नाहीत, त्यांतल्या काहींची हरिकेन्स होतात. यातली शक्ती येते वाफेतून. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर कॅलरी लागतात, पण उबदार समुद्रावरून त्याच एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५८० लागतात. ढगात त्या वाफेचे परत पाणी झाले की ती सगळी उष्णता हवेला मिळते. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जबर का असतो, त्याचेही हेच उत्तर. जाता जाता, 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यातला. हेन्री पिडिंग्टन या तिथल्या गृहस्थाने बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करताना, १८४० च्या दशकात, वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला.

मायामीचे नॅशनल हरिकेन सेंटर वादळ चालू असताना दर सहा तासांनी अंदाज देते. इथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. टीव्हीवर दिसतो तो पांढरा शंकू त्यातलाच. त्या शंकूचा गैरसमज फार. तो वादळाचा आकार नव्हे. वादळाचे केंद्र कुठे जाईल याचा तो अंदाज आहे, आणि केंद्र त्याच्या आत राहण्याची शक्यता साधारण तीनात दोन. पाऊस, वारा, लाटा शंकूच्या कितीतरी बाहेर पोचतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये 'बिल' नावाचे हरिकेन किनाऱ्यापासून लांब समुद्रातूनच गेले. तरी मेन राज्यातल्या अकेडिया पार्कमध्ये लाटा पाहायला खडकावर जमलेल्या लोकांपैकी काहींना लाटेने ओढून नेले आणि एक लहान मुलगी गेली. म्हणून जर्सी शोअरला ऊन छान पडले असले, तरी दूर कुठे वादळ आहे का हे पाहूनच मुलांना पाण्यात सोडावे, आणि लाइफगार्ड नसेल तिथे सोडूच नये. रिप करंटने आत ओढले तर त्याच्या विरुद्ध झगडायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडायचे.

सॅंडी २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी ब्रिगंटीनजवळ किनाऱ्याला लागले. उत्तरेला उच्च दाबाची भिंत होती, त्यामुळे एरवी समुद्रात निघून जाणारे वादळ डावीकडे वळून सरळ न्यू जर्सीवर आले. त्या दिवशी कोजागिरी होती. पौर्णिमेची भरती मुळातच मोठी, त्यात वाऱ्याने रेटलेले पाणी. मॅनहॅटनच्या बॅटरीजवळ पाणी चौदा फुटांवर गेले. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, न्यू ब्रन्सविकला तिसऱ्या मजल्यावर. दूध आटत असतानाच वीज गेली. चंद्र अर्थातच दिसला नाही.

पण मला जास्त भीती वाटते ती लांबून आलेल्या, मेलेल्या वादळांची. आयडा रविवार, २९ ऑगस्ट २०२१ रोजी लुईझियानात ताशी १५० मैलांच्या वाऱ्यांनिशी शिरले. आपल्यापासून हजारावर मैल दूर. वारा कमी झाला, बातम्यांतूनही ते मागे पडले. बुधवारी, १ सप्टेंबरला, त्याचे अवशेष आपल्यावर आले. नेवार्कला त्या दिवशी ८.४१ इंच पाऊस, सेंट्रल पार्कला एका तासात ३.१५ इंच. नॅशनल वेदर सर्व्हिसने ईशान्य न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहरासाठी फ्लॅश फ्लड इमर्जन्सी पहिल्यांदाच जाहीर केली. आपल्या राज्यात तीसच्या आसपास माणसे गेली, पुष्कळशी मोटारीत. एलिझाबेथला चौघे तळमजल्याच्या घरांत गेले. न्यू यॉर्कमध्ये अकरा जण बेसमेंटमध्ये बुडाले.

आता आपल्या घरांचा विचार करा. हरिकेनच्या हंगामाचा मध्य १० सप्टेंबर मानतात. म्हणजे नेमका आपला गणेशोत्सव. १९९९ चे फ्लॉइडही गणपतीतच आले होते. रॅरिटन नदी बाउंड ब्रूक गावात शिरली त्याच्या आठवणी मंडळातली जुनी मंडळी अजून सांगतात. आणि गणपतीला पाहुणे आले की गाद्या आपण कुठे घालतो? बेसमेंटमध्ये. भारतातून आलेले आई-बाबाही पुष्कळ घरांत तिथेच झोपतात, कारण तिथे गारवा असतो आणि वेगळी बाथरूम असते. फोनवर कर्कश आवाजात इशारा येतो, तो इंग्रजीत. ते घाबरून फोन बंद करतात.

म्हणून त्यांना दोनच शब्द शिकवा. 'वॉच' म्हणजे शक्यता आहे, तयारीत राहा. 'वॉर्निंग' म्हणजे आले किंवा येतेच आहे, आता हला. फ्लॅश फ्लडचा वॉच असेल त्या रात्री गाद्या वर आणा, मग पाऊस पडो न पडो. रस्त्यावर पाणी असेल तर मोटार त्यात घालायची नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार हलवू शकते, दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते, आणि रात्री खोली दिसत नाही. एडिसन, सॉमरसेट, प्रिन्सटनच्या लोकांनी माउंट हॉलीच्या कार्यालयाचे इशारे पाहावेत. जर्सी सिटी, नेवार्क, पसेइकच्या लोकांनी अप्टनचे.

समितीलाही मी हेच सांगत असते. पाच दिवस आधी रंगीत नकाशा पाहून कार्यक्रम रद्द करू नये. तीन दिवसांच्या अंदाजातली वादळाच्या मार्गाची सरासरी चूक १९९० च्या दशकाच्या मानाने आज निम्म्याहून कमी झाली आहे. पण पाचव्या दिवशी वादळ अजूनही शेकडो मैल इकडे तिकडे होऊ शकते. पाच दिवस आधी हॉलवाल्याशी फक्त बोलून ठेवावे. हरिकेन वॉच ४८ तास आधी आणि वॉर्निंग ३६ तास आधी मिळावी असा प्रयत्न असतो, म्हणून आपला निर्णय दोन दिवस आधी, आणि तो एकदाच. "बघू, उद्या सकाळी कळवू" म्हटले की ट्रेंटनहून निघालेली कुटुंबे सकाळी रूट वनवर असतात. डिपॉझिट बुडते ही तक्रार दरवर्षी येते. ते मंडळ भरेल.

नुसते इथलेच नव्हे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा तिकडे दुपार होती, इथे पहाट. श्रीवर्धन, मुरुडकडे ज्यांची घरे आहेत ती मंडळी रात्रभर जागी होती. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस फोन लागत नव्हता. अशा वेळी भारतीय हवामान खात्याची पत्रके वाचता येणे फार उपयोगी पडते. त्यांच्या वेळा भारतीय असतात आणि वारा ताशी किलोमीटरमध्ये असतो. मैल हवे असतील तर १.६ ने भागा.

एक युक्ती यंत्राशिवायची. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा; कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असते. पूर्वेचा वारा सुटला असेल तर वादळ दक्षिणेला आहे. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा हा नियम एकोणिसाव्या शतकातला, आणि तो पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात सगळीकडे चालतो, अलिबागलाही.

पर्जन्यमापक घेणार असाल तर तो झाडापासून आणि घरापासून दूर, मोकळ्या जागी खांबावर बसवा. हरिकेनचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. त्याच सुमारास नरसाळे आणि आतली नळी काढून घरात ठेवायची. बर्फ झाला तर नळी तडकते. बाहेरचा दंडगोल तसाच राहू द्यावा, त्यात हिमवर्षाव गोळा होतो. तो वितळवून मोजायचा.