पावसाच्या आधीचा हिशोब

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त असतं. सेंट जेरोम चर्चमध्ये ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही तेल वाहतात, कारण डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई ही या सायबिणीची बहीण, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. दर्शन आटोपलं की गर्दी फेरीकडे वळते. सुकी सुंगटं, खारे बांगडे, बोंबील, मिरच्यांचे ढीग, चिंचेचे गोळे, सोलं, कांद्याच्या माळा, चटया, मातीची भांडी. पेडणे-डिचोलीकडून आलेली माणसं इथे आठवड्याचा बाजार करायला येत नाहीत. जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांचं सामान भरून नेतात. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी.

आज पुरुमेंताचं कौतुक होतं ते बहुधा खाद्यपरंपरा म्हणून. पण मुळात तो घरखर्चाचा आराखडा आहे. ज्यांच्या हातात पैसा थोडा आणि तोही हंगामाहंगामाने येतो, अशा घरांनी तो अनुभवातून घडवला. वर्षाला दोन-अडीच लाखांत घर चालवणाऱ्या आजच्या कुटुंबालाही त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की घराचा हिशोब महिन्याचा नव्हे, वर्षाचा मांडायचा असतो.

पैसा येतो कधी, जातो कधी

पेडणे आणि डिचोली हे तालुके गोव्याच्या नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातले. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं ते 1788 साली. त्यामुळे भाषा, देवस्थानं, सोयरीक यांच्याबरोबर इथल्या घराचं आर्थिक वेळापत्रकही बांदा-सावंतवाडीकडच्या घराशी जुळतं.

ते वेळापत्रक असं. मार्च ते मे काजूचे दिवस. डोंगरातली बोंडं भट्टीवाल्याला जातात, बिया वाळवून व्यापाऱ्याला किंवा सोसायटीला. घरात रोकड दिसते ती या तीन महिन्यांत. काजूच्या भावातला चढउतार थेट घराच्या चुलीपर्यंत पोचतो. म्हणूनच 2023 मध्ये गोवा सरकारने काजूबियांची आधारभूत किंमत किलोला 125 रुपयांवरून 150 केली, तेव्हा बागायतदारांच्या घराघरांत तिची चर्चा झाली. पावसाळी भात घरात येतं ते ऑक्टोबरच्या आसपास. त्यानंतर पाण्याची सोय असेल तिथे वायंगण म्हणजे उन्हाळी भात, नाहीतर ओलीवर कुळीथ, अळसांदे, मिरची.

मधले चार महिने मात्र येणं जवळजवळ नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी महाग. शेतात राबणं सुरू असतं, पण त्याचा मोबदला अजून दूर असतो. जूनमध्ये शाळा उघडतात. आणि भादव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते, गोव्यातल्या हिंदू घराचा वर्षातला सर्वांत मोठा खर्च, तेव्हा भात अजून शेतातच उभं असतं. म्हणजे घर सर्वांत रिकामं असतं नेमकं तेव्हाच सर्वांत जास्त पैसा लागतो. उधारी आणि सोनं गहाण टाकणं या दोन्ही गोष्टी याच फटीतून घरात शिरतात. पुरुमेंत ही फट बुजवण्यासाठी होतं.

मे महिन्याचं अंगण

बेगमीचं गणित साधं आहे. वस्तू मुबलक असते तेव्हा ती घ्यायची, टिकेल अशी करायची आणि महाग होईल तेव्हा खायची. कांदा हे त्याचं चांगलं उदाहरण. महाराष्ट्रातला रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो. तो खरिपातल्या कांद्यापेक्षा खूप जास्त टिकतो, आणि बाजार पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्याच्यावरच चालतो. साठा संपत आला की भाव चढतात. मे महिन्यात माळा करून वाऱ्यावर टांगलेला कांदा घराला या चढत्या भावातून सोडवतो.

मिरचीचं काम जास्त नाजूक. पेडण्याची हरमल मिरची भौगोलिक मानांकन मिळवलेली आहे, आणि चांगल्या वर्षीही ती स्वस्त नसते. ती देठासकट कडक उन्हात वाळवतात. हातात घेऊन हलवली आणि आत बिया खुळखुळल्या की वाळली असं समजायचं. ओलावा राहिला तर जुलैत बुरशी येते आणि डबाच्या डबा टाकावा लागतो. भिरंडाची म्हणजे कोकमाची सालं त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकतात; असं बरेच दिवस केलं की काळीभोर, लवचीक सोलं तयार होतात. कैऱ्या मिठाच्या पाण्यात जातात, फणसाची साटं चटईवर पसरतात. फणसाच्या आठळ्यांना तांबडी माती फासून कोरड्या कोपऱ्यात ठेवतात. मातीच्या त्या थरामुळे त्या सुकून दगड होत नाहीत आणि लवकर मोडही धरत नाहीत. श्रावणात भाजीत पडतात, आमटीत पडतात, नुसत्या भाजून मुलांच्या हातावरही ठेवता येतात.

यांतल्या निम्म्या वस्तूंना पैसा लागतच नाही. लागतं ते ऊन, मीठ आणि माणसाचे हात. जळणाचंही तसंच. माडाची चुडतं, पिडे, सोडणं, करट्या खोपीत रचून ठेवल्या की अंघोळीचं पाणी आणि पेज त्यांवर होते आणि गॅसचा सिलिंडर लांबतो. पाऊस सुरू झाला की परसातली काकडी, दोडका, भेंडी आणि रानातला टाकळा, अळू, फागलं ताटात येतात. गोव्याची बाजारातली भाजी बरीचशी बेळगावहून येते. घाटात गाडी अडकली की इथे भाव वाढतो. परसातल्या वेलाला घाट ओलांडावा लागत नाही.

एक खबरदारी मात्र जुन्या बायका आवर्जून सांगत आल्या. खपेल तेवढंच भरायचं. वाया गेलेली बेगमी म्हणजे आगाऊ वाया घालवलेला पैसा. चौघांच्या घराला एका पावसाळ्यात सोलं किती लागतात, खारं किती लागतं, हे गेल्या वर्षीच्या उरलेल्या डब्यांवरून ठरतं.

हप्त्यांची वर्षं

डिचोलीत हा हिशोब मोडला तो खाणींच्या भरभराटीत. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनकडून लोहखनिजाची मागणी वाढली आणि मये, शिरगाव, साखळीच्या परिसरातल्या असंख्य घरांनी बँकेचं कर्ज काढून टिप्पर घेतले. खनिजवाहतुकीचा पैसा शेतीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आणि रोजचा होता. शिरगावसारख्या ठिकाणी खाणीचा गाळ शेतांत उतरला, विहिरी आटल्या. घरचा तांदूळ संपला आणि तोही विकत आणणं आलं.

त्या सुबत्तेतही एक विसंगती होती. खनिजाची वाहतूक पावसाळ्यात थांबायची, ट्रक साधारण आठ महिने कमवायचा; बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने जायचा. तेजीच्या काळात हे निभावलं. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून काम पुन्हा बंद पडलं. अंगणात उभे टिप्पर गंजत गेले. खाणबाधितांसाठी सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. नव्या लिलावांची सुरुवात झाली ती थेट डिसेंबर 2022 मध्ये.

त्या वर्षांत तग धरला तो ज्या घरांनी काजूची बाग, परसू, दोन गुरं आणि भाताचा तुकडा सोडला नव्हता त्यांनी. सगळी रोकड एकाच नळातून येत असली की तो बंद झाल्यावर घरात काहीच उरत नाही. पेडण्याने आज हे लक्षात घ्यायला हवं. मोप विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. टॅक्सी, हॉटेल, सुरक्षारक्षक, सफाई अशी कामं तालुक्यात आली. त्यांच्याबरोबर गाड्यांची कर्जंही आली, आणि पर्यटनाचाही पावसाळा असतो.

महाग राज्यातलं लहान घर

काटकसर गोव्यात जास्त कठीण का, याचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी मासिक खर्च सरासरी 3,773 रुपये निघाला. ग्रामीण गोव्यात तो 7,367 रुपये होता, देशातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एक. चौघांच्या घराला हा हिशोब वर्षाला साडेतीन लाखांच्या पुढे जातो.

आता वर्षाला 2 लाख 40 हजार मिळवणारं चौघांचं घर घेऊ. माणशी महिन्याला 5,000 रुपये. देशाच्या ग्रामीण सरासरीपेक्षा हे घर बरं आहे, पण ते ज्या बाजारात उभं आहे तिथले भाव आजूबाजूच्या सात हजारांच्या खर्चाने ठरतात. 1857 साली अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नाचा वाटा मोठा. ग्रामीण भारतात हा वाटा अजूनही 46 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणूनच लहान उत्पन्नाच्या घरात बचतीची खरी जागा स्वयंपाकघर ठरते, आणि पुरुमेंत नेमकं तिथेच काम करतं.

सरकारी आधारही वर्षाच्या हिशोबात धरायला हवा. 2012 साली मनोहर पर्रीकर सरकारने गृहआधार योजना आणली. नवरा-बायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर गृहिणीच्या खात्यात सुरुवातीला महिन्याला 1,000 रुपये जायचे. पुढे ते 1,500 झाले. वर्षाचे 18,000, म्हणजे बहुतेक घरांचं पूर्ण पुरुमेंत. प्राधान्य रेशनकार्डावर जानेवारी 2023 पासून माणशी 5 किलो धान्य मोफत आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर भाजी सवलतीत मिळते. 2016 पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचं उपचार संरक्षण आहे. कार्डाचं नूतनीकरण वेळेवर झालं पाहिजे, कारण एका शस्त्रक्रियेचं बिल दहा वर्षांची काटकसर पुसून टाकू शकतं.

हिशोब कुठून सुरू करायचा

वर्षाचे ठरलेले मोठे खर्च आधी कागदावर लिहावेत. वर घेतलेल्या घरापुरतं मांडायचं तर पुरुमेंत 14,000, कौलं परतणं आणि घराची डागडुजी 6,000, जूनची शाळा 12,000, चवथ 16,000. बेरीज 48,000, म्हणजे महिन्याला 4,000. ही रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला काढायची आणि उरलेल्या 16,000 मध्ये घर चालवायचं. ज्यांचं उत्पन्न काजूवर आहे त्यांनी हाच वाटा हंगाम संपण्याआधी एकदम काढून ठेवावा.

पैसा कुठे ठेवायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. एप्रिल 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ठेवविम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली होती, म्हणून लहान ठेवीदार मोठ्या प्रमाणावर वाचले. हा विमा बँकांना लागू आहे, पतसंस्थेला किंवा भिशीला नाही. चवथीचे पैसे भिशीत घालणाऱ्या बायकांना हा फरक माहीत असणं फार गरजेचं आहे. बँकेतली आवर्ती ठेव व्याज थोडं देते, पण पैसा वेळेवर हातात पडतो.

आणि हिशोबाचं वर्ष जानेवारीऐवजी चवथ झाल्यावर सुरू करावं. सप्टेंबर ते एप्रिल या आठ महिन्यांत 4,000 प्रमाणे 32,000 जमतात. त्यांत मे महिन्यातलं पुरुमेंत, कौलं आणि जूनची शाळा बसते. मे ते ऑगस्टचे 16,000 चवथीच्या बाजाराला येतात, आणि गणपती पोचवून झाले की नव्या वर्षाचा पहिला हप्ता बँकेत जातो.