परतीच्या वाटेचे मोल : बाटली व कॅन अनामत योजनेचा दैनंदिन अनुभव

प्रस्तावना

रिकामी झालेली बाटली पुढे कोठे जाते, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि नगरपालिकांसमोरील घनकचऱ्याचे ढीग, नदीनाल्यांतून वाहणारे प्लास्टिक आणि रस्त्याच्या कडेला फुटून पडलेली काच पाहिली म्हणजे या प्रश्नाचे सार्वजनिक स्वरूप ध्यानात येते. त्यावर अनेक देशांनी योजलेला एक उपाय उपदेशाचा नसून व्यवहाराचा आहे. पेय विकताना बाटलीपोटी थोडी रक्कम अनामत म्हणून घ्यावयाची आणि रिकामी बाटली आणून देणाऱ्यास ती परत करावयाची, हे त्याचे साधे रूप होय. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७१ मध्ये यासाठी कायदा केला. स्वीडनमध्ये १९८४ पासून ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी अशी व्यवस्था अस्तित्वात आहे. जर्मनीने २००३ मध्ये एकवापरी बाटल्या व कॅन यांवर अनामत सक्तीची केली.

या योजनांचा विचार बहुधा धोरण आणि आकडेवारी यांच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तो नित्याच्या अनुभवाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी जर्मनीचे उदाहरण प्रथम घेतले असून, महाराष्ट्र व गोव्यासह भारतात होत असलेल्या प्रयत्नांना त्यातून कोणता बोध मिळतो, हे उत्तरार्धात पाहिले आहे.

अनामतीचे स्वरूप

अनामत ही बाटलीची किंमत नव्हे, तसेच तो करही नव्हे. ग्राहकाने स्वेच्छेने न सोडल्यास ती रक्कम त्याचीच राहते. जर्मन भाषेत या रकमेस 'प्फांड' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'तारण' असा आहे आणि तो येथे चपखल बसतो. बाटली परत येईल याचे ते तारण होय.

या व्यवहाराची दोन वैशिष्ट्ये लक्षात घेतली पाहिजेत. पहिले असे की, बक्षीस मिळण्याच्या आशेपेक्षा हातचे जाण्याची खंत माणसाला अधिक कार्यप्रवण करते. बाटली आणून दिल्यास दोन रुपये देऊ असे सांगणे आणि खरेदीच्या वेळीच दोन रुपये कापून घेणे, यांत हिशेबाने फारसा फरक नसला तरी वर्तनात मोठा फरक पडतो. दुसरे असे की, अनामत व्यक्तीशी जोडलेली नसून वस्तूशी जोडलेली असते. बाटली कोणी विकत घेतली हे विचारले जात नाही, ती कोणी आणली एवढेच पाहिले जाते. एकाने टाकलेली बाटली दुसऱ्याची कमाई होऊ शकते, ती यामुळेच. या दुसऱ्या वैशिष्ट्याचे सामाजिक परिणाम दूरगामी आहेत.

जर्मनीतील वाटचाल

जर्मनीच्या १९९१ च्या वेष्टनविषयक नियमावलीत एक अट होती. पुन्हा भरून वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली गेल्यास एकवापरी बाटल्यांवर अनामत लागू करावयाची होती. ते प्रमाण घसरले आणि १ जानेवारी २००३ पासून बिअर, खनिज पाणी व वायुयुक्त शीतपेये यांच्या एकवापरी बाटल्या व कॅन यांवर अनामत आली.

आरंभीचा काळ गैरसोयीचा होता. बाटली जेथून घेतली तेथेच ती परत करावी लागे व त्यासाठी पावती किंवा बिल्ला जपून ठेवावा लागे. पुढे काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी स्वतःच्या विशिष्ट आकाराच्या बाटल्या काढून फक्त त्याच परत घेण्याचा मार्ग स्वीकारला. अनामत होती, परंतु परतीची वाट अरुंद होती. १ मे २००६ पासून नियम बदलला. जो विक्रेता ज्या प्रकारच्या साहित्यातील एकवापरी बाटली विकतो, त्याने त्या साहित्याची कोणत्याही दुकानातून घेतलेली बाटली परत घेतली पाहिजे, असे ठरले. केवळ २०० चौरस मीटरहून लहान दुकानांना आपण विकत असलेल्या नाममुद्रांपुरते मर्यादित राहण्याची मुभा आहे. आज एकवापरी बाटलीची अनामत सरसकट २५ सेंट आहे. १ जानेवारी २०२२ पासून फळांच्या रसासह बहुतेक सर्व पेयांच्या प्लास्टिक बाटल्या व सर्व पेयांचे कॅन, आणि २०२४ पासून प्लास्टिक बाटलीतील दूधही या कक्षेत आले. अनामत असलेल्या एकवापरी बाटल्या व कॅनपैकी ९५ टक्क्यांहून अधिक परत येतात.

ग्राहकाचा अनुभव

उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला या व्यवस्थेची ओळख पहिल्याच खरेदीत होते. फळीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा पावतीवरील रक्कम अधिक दिसते. पावतीत पाणी व अनामत यांच्या ओळी स्वतंत्र असतात. स्वस्त पाण्याच्या बाबतीत तर अनामतच पाण्याहून महाग असल्याचे आढळते. सहा बाटल्यांच्या जुडीवर दीड युरो अनामत पडते, आणि हा हिशेब कळल्यावर खोलीच्या कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची पिशवी जमू लागते.

बाटल्या परत करण्यासाठी वेगळी फेरी मारावी लागत नाही, हे या व्यवस्थेचे खरे बलस्थान होय. किराणा आणावयास निघताना रिकामी पिशवी सोबत घ्यावयाची, दुकानातील यंत्राच्या गोल तोंडात एकेक बाटली आडवी सरकवायची, यंत्र ती फिरवून तिच्यावरील पट्टीसंकेत व अनामतीचे चिन्ह वाचते आणि एकवापरी बाटली आतल्या आत चेपून टाकते. शेवटी बटण दाबताच पावती मिळते. ती गल्ल्यावर दिली की बिलातून वजावट होते, अथवा रोख रक्कम मिळते. अनेक दुकानांत ही रक्कम एखाद्या सेवाकार्यास देण्याचीही सोय असते.

तथापि सर्व काही सुरळीत असते असे नाही. बाटली चेपलेली असेल किंवा तिच्यावरील कागद निघाला असेल तर यंत्र ती नाकारते. म्हणून जागा वाचविण्यासाठी बाटली चुरगाळण्याची सवय सोडावी लागते. शनिवारी सायंकाळी यंत्रासमोर रांग लागते, आतील पेटी भरली की यंत्र थांबते, सांडलेल्या गोड पेयाने जमीन चिकट होते. काही वेष्टनांवर अनामत आहे आणि काहींवर नाही, हेही नवख्यास उमगत नाही. मद्यार्काची वा वाइनची काचेची बाटली बहुधा अनामतीविना असते, तर कागदी खोक्यातील रसावर अनामत नसते.

सर्वांत मोठा गोंधळ पुनर्वापराच्या बाटल्यांबाबत होतो. बिअरच्या नेहमीच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, तर खनिज पाण्याच्या पुनर्वापराच्या बाटलीवर १५ सेंट अनामत असते. या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. काचेची बाटली अशी सुमारे ५० वेळा फिरू शकते. २५ सेंटची एकवापरी बाटली मात्र चेपून, वितळवून तिचा कच्चा माल केला जातो. अधिक अनामत म्हणजे अधिक पर्यावरणस्नेही, असा सामान्य ग्राहकाचा समज सहज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पुनर्वापरास उत्तेजन देण्यासाठी आणलेल्या योजनेमुळे एकवापरी बाटलीस जणू प्रतिष्ठा लाभली. २०१९ च्या कायद्याने पुनर्वापराच्या बाटल्यांसाठी ७० टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले असले तरी त्यांचा वाटा निम्म्याहून कमीच राहिला आहे. बाटल्या गोळा होणे आणि बाटल्या कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातील धडा आहे.

वेचणारे हात

अनामत वस्तूशी जोडलेली असल्याने जर्मन शहरांत एक नवा वर्ग दृश्यमान झाला. रेल्वे स्थानके, उद्याने, फुटबॉलच्या मैदानांचा परिसर येथे पिशव्या घेऊन बाटल्या वेचणारी माणसे दिसू लागली. त्यांत निवृत्तिवेतन अपुरे पडणारे वृद्ध आहेत, तसेच बेरोजगारही आहेत. चार एकवापरी बाटल्यांचा एक युरो होतो. समाजशास्त्रज्ञ झेबास्टियान मोझर यांनी या वेचणाऱ्यांवर २०१४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पैशाइतकेच दिवसाला मिळणारे वळण आणि काम केल्याची भावना यांना त्यांच्या जीवनात स्थान असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

परंतु कचरापेटीत हात घालावा लागणे हे अपमानास्पद आहे, शिवाय फुटलेल्या काचेमुळे धोक्याचेही आहे. म्हणून बाटली पेटीत न टाकता पेटीशेजारी ठेवावी, अशी मोहीम २०११ पासून चालविली गेली. कोलोन येथील डिझाइनकार पॉल केट्झ यांनी २०१२ मध्ये पेटीभोवती बसविता येईल असे बाटल्या ठेवण्याचे कडे तयार केले. अनेक नागरिक आज रिकामी बाटली सहजपणे पेटीच्या पायथ्याशी उभी करतात. ही कृती सौजन्याची आहे, यात शंका नाही. मात्र एका संपन्न समाजातील वृद्धाच्या उदरनिर्वाहाचा भार अशा सौजन्यावर यावा, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

भारतीय संदर्भ

अनामतीची कल्पना आपणांस परकी नाही. गोटीसोडा किंवा शीतपेय दुकानासमोर उभे राहूनच पिण्याचा रिवाज होता, तो बाटली दुकानदाराची असल्यामुळे. घरी न्यावयाची तर डिपॉझिट ठेवावे लागे. मुंबईत आरेच्या दूधकेंद्रावर काचेच्या रिकाम्या बाटल्या देऊन भरलेल्या घेण्याची पद्धत एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात आहे. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या आल्यावर परतीची ही वाट बंद झाली.

ती पुन्हा उघडण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीविषयक अधिसूचनेत पेयाच्या बाटल्या व दुधाच्या पिशव्या ठरावीक किमतीस परत घेण्याची तरतूद होती. दुधाच्या पिशवीसाठी ५० पैशांचा दर चर्चेत आला. ही तरतूद व्यवहारात रुजली नाही. वस्तुतः अनेक मराठी घरांत दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, जमवून भंगारवाल्यास विकल्या जातात. सवय होती, परंतु पिशवी परत घेऊन पैसे देणारी खिडकी कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहिली नाही.

तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात फुटलेल्या काचांमुळे वन्य प्राण्यांना होणाऱ्या इजेची दखल मद्रास उच्च न्यायालयाने घेतल्यानंतर २०२२ मध्ये सरकारी मद्यविक्री दुकानांतून बाटलीमागे १० रुपये अनामत घेण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी केदारनाथ यात्रेच्या मार्गावर प्लास्टिक बाटल्यांवर संकेतचिठ्ठी लावून १० रुपयांची योजना राबविली गेली. गोवा शासनाने २०२४ मध्ये अनामत परतावा योजना अधिसूचित केली, तर केरळने २०२५ मध्ये मद्याच्या बाटल्यांसाठी २० रुपयांची अनामत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. निलगिरी व केदारनाथ येथे परिसर मर्यादित आहे आणि परतीचे ठिकाण ग्राहकाच्या वाटेवरच आहे, हे लक्षणीय होय.

मात्र आपल्याकडील परिस्थिती जर्मनीहून एका बाबतीत मूलतः वेगळी आहे. तेथे बाटल्या वेचणारे अनामतीमुळे निर्माण झाले. येथे ते आधीपासून आहेत. एक लिटरच्या साधारण ४० ते ५० प्लास्टिक बाटल्यांचे मिळून एक किलो वजन भरते, म्हणून भंगाराच्या दराने एका बाटलीमागे कचरावेचक महिलेच्या हाती पडणारी रक्कम पैशांतच मोजावी लागते. त्याच बाटलीवर १० रुपये अनामत आली की तिचे मोल कित्येक पटींनी वाढते. ही वाढ कोणाच्या पदरात पडणार, हा कळीचा प्रश्न आहे. ग्राहक स्वतःच बाटली परत करू लागले तर वेचकांच्या उत्पन्नातील एक हमखास भाग जाईल. परतावा केवळ मोबाईलवरील खात्यात मिळणार असेल, किंवा एका व्यक्तीकडून मोजक्याच बाटल्या स्वीकारल्या जाणार असतील, तर पोतेभर माल आणणारी स्त्री दारातच अडेल.

याउलट तिलाच अधिकृत संकलक म्हणून स्थान दिल्यास ही योजना उपजीविकेचे साधन होऊ शकते. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून उभी राहिलेली, महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा संकलन करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था यांचा अनुभव या दृष्टीने महाराष्ट्राच्या हाताशी आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अनामतीच्या रकमेइतकेच परतीच्या वाटेला महत्त्व आहे. जर्मनीत २००३ आणि २००६ या दोन वर्षांतील फरक प्रामुख्याने याच वाटेचा होता, आणि महाराष्ट्रातील २०१८ ची तरतूद अडली तीही तेथेच. दुसरी, बाटल्यांचे संकलन वाढले म्हणजे त्यांचा वापर घटला असे होत नाही; पुनर्वापरासाठी स्वतंत्र प्रयत्न आवश्यक आहेत. तिसरी, अनामतीची योजना कचऱ्याचे मोल बदलते आणि मोल बदलले की मालकी बदलते. म्हणून अशी योजना आखताना, आजवर ती बाटली कोण उचलत होते, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला गेला पाहिजे. महाविद्यालयांची उपाहारगृहे, वसतिगृहे व क्रीडामहोत्सव या ठिकाणी अशी व्यवस्था लहान प्रमाणावर चालवून पाहणे अशक्य नाही. तसे करताना परिसरातील वेचक महिलेस त्या व्यवस्थेत स्थान दिले, तर रिकाम्या बाटलीच्या परतीच्या वाटेवर तिचीही वाट सुरक्षित राहील.