सातवाहनांची किटली

पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत एकदा एकाने मला सातवाहनांची किटली दाखवली. तांबूस मातीची, पोट सुटलेली, तोटी अर्धी उडालेली. "साहेब, दोन हजार वर्षांची आहे. राजे लोक यातून चहा प्यायचे." हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की क्षणभर मलाही वाटलं, प्यायले असतील.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, हे खरं. तोटीची भांडी तेव्हाही होती, हेही खरं. पण त्यांत पाणी असे, तेल असे. आसाम कंपनी स्थापन झाली १८३९ साली, आणि चहाचा प्रचार करणाऱ्यांनी गावोगाव फुकट चहा पाजून सवय लावली ती विसाव्या शतकात. म्हणजे मराठी घरातली चहाची भांडी फार तर पणजोबांच्या काळापर्यंत मागे जातात. त्याहून जुनी सांगितली, तर सांगणाऱ्याला आधी चहा पाजावा.

गोदाकाठी जमिनीतून निघालेलं भांडं 'ज्याला सापडलं त्याचं' असंही आमच्याकडे सर्रास मानतात. तसं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांच्या वस्तूला पुरावस्तू मानतो, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीची चांदीची किटली अमेरिकेतल्या नातीच्या बॅगेत टाकण्याआधी हे लक्षात असू द्यावं. उलट, घरातली प्रत्येक जुनी कपबशी सरकारदरबारी नोंदवावी लागते, ही भीतीही निराधार आहे. नोंदणी मुख्यतः शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची असते.

मग पैठणच्या जुन्या वाड्यांच्या फडताळांत निघतं काय? चिनीमातीच्या कपबश्या, पितळी किटल्या, एखादा मुलाम्याचा चहाचा संच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे औरंगाबादवरून धावू लागली, आणि विलायती, पुढे जपानी माल मुंबईकडून आला तसा हैदराबादकडूनही आला.

असा कप हाती आला की लोक आधी नक्षी बघतात. मी तो पालथा करतो. एकदा मात्र तळ बघूनच फसलो होतो. तळाशी १७५९ हा आकडा दिसला, आणि अडीचशे वर्षांचा कप स्वस्तात मिळाला म्हणून मी घरभर मिरवलं. ते वेजवूडचा कारखाना सुरू झाल्याचं साल होतं. तळावरचा आकडा बहुतेक वेळा कंपनीच्या जन्माचा असतो, कपाच्या नव्हे. कपाचं वय कळतं ते देशाच्या नावावरून. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा अमेरिकेचा कायदा १८९१ पासून लागू झाला. कारखाने माल वेगवेगळा कशाला काढतील? जगभर तोच शिक्का गेला. म्हणून नुसतं 'इंग्लंड' असेल तर कप बहुधा १८९१ नंतरचा, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर साधारणपणे विसाव्या शतकातला. 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१ च्या दरम्यानचा, कारण पुढे अमेरिकेने 'जपान' असंच लिहायला लावलं. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काही वर्षांतलाच. आणि तळाशी 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असूनही कुणी त्याला आजीच्या रुखवतातला म्हणत असेल, तर त्या आजीचं वय विचारावं.

झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या की विकणारा खूश होतो. 'बघा, किती जुना!' या रेघा वयाने पडतात तशा नवेपणीही पडतात. आतली माती आणि वरची झिलई निवताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत की झिलई तडकते. मुद्दाम तडकवून त्यात चहाचं पाणी मुरवणारेही आहेत. कप खरोखर जुना असला तरी अशा रेघांतून दूध आत शिरतं, तिथेच राहतं आणि वास मारतं. शोकेसला चालेल, सकाळच्या चहाला नको.

खरी काळजी घ्यायची ती रंगांची. जुन्या झिलईत आणि झिलईवर चढवलेल्या रंगांत शिसं असू शकतं. भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियमही. आंबट, गरम आणि बराच वेळ राहिलेलं पेय ते जास्त ओढून घेतं. म्हणून कपाच्या बाहेर फुलं असतील तर मी फारसा घाबरत नाही. आतल्या बाजूला, ओठ टेकतात तिथे किंवा तळाशी रंगकाम असेल तर त्या कपातून पीत नाही, आणि लिंबाचा चहा तर नाहीच. रंग तपासायच्या घरगुती पट्ट्यांवर विसंबू नये. प्रयोगशाळेत भांड्यात पातळ ॲसिटिक आम्ल चोवीस तास ठेवून किती शिसं उतरलं ते मोजतात.

विषारी अन्न वाढलं की तडकणारी 'घोरी' ताटली ही दख्खनची आवडती दंतकथा. समुद्रहिरव्या झिलईची ही चिनी भांडी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बघायला मिळतात. तो हिरवा रंग येतो झिलईतल्या लोहामुळे, कमी प्राणवायूच्या भट्टीत. विषाशी त्याचं काही नातं नाही. गारठलेल्या ताटलीत उकळतं कालवण ओतलं तर कुठलीही ताटली तडकेल, कालवण कितीही निष्पाप असो.

धातूकडे वळलं की घोटाळा नावापासून सुरू होतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मन'चं म्हणतात, कुणी 'जर्मल' म्हणतं. 'जर्मन सिल्व्हर' ही वेगळीच वस्तू: तांबं, निकेल आणि जस्त. चांदी औषधालाही नाही. किटलीखाली 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर याच मिश्रधातूवर विजेने चांदीचा पातळ थर दिलेला आहे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने या मुलाम्याचं पेटंट १८४० मध्ये घेतलं. अशी किटली टेबलावर झकास दिसते, पण चांदीच्या भावात घेऊ नये आणि राखेने घासू नये. दोन दिवाळ्यांत आतलं पिवळट अंग उघडं पडतं.

'तांब्यातलं आरोग्याला चांगलं' हे वाक्य पाण्यापुरतं बोललं जातं, पण लोक ते चहालाही लावतात. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत दुधाचा चहा किंवा कॉफी ठेवू नये. आम्लाने तांबं उतरतं, मळमळ होते. आपल्याकडच्या बायकांना हे ठाऊक होतं, म्हणून तर कल्हईवाल्याची हाक आली की भांडी अंगणात यायची. नवसागर, कापसाचा बोळा आणि तापलेल्या भांड्यावर सरकणारी कथलाची चकाकी. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर राहिलं की कल्हई गेलीच. जुनी पितळी किटली आवडली तर आत बोट फिरवून बघा. पिवळं दिसत असेल तर आधी कल्हई, मग चहा. यात्रेत हिरवट-काळी दिसते म्हणून भुलू नका, आम्ल फासून नवी पितळ चार दिवसांत म्हातारी करता येते. बिदरी चहाचे संच औरंगाबादच्या दुकानांत मिळतात, ते फक्त बघायचे. बिदरीत बहुतांश जस्त असतं.

किटली सरसकट किटली नसते. चहाची बुटकी, पोटाळ. आत तोटीच्या तोंडाशी बारीक भोकं, म्हणजे फुगलेली पत्ती अडते. कॉफीची उंच आणि निमुळती, भोकं सहसा नसतात, कारण चोथा तळाशी बसतो. पण ही सगळी सोय दूध वेगळं घेणाऱ्यांची. आपला चहा पातेल्यात दूध-साखरेसकट उकळतो. तो विलायती किटलीत ओतला की साय तोटीत अडकते, आणि धुताना घरातलं कुणीतरी आपल्याला आठवत बसतं. मी अशी किटली घेतो ती गवती चहाच्या काढ्यासाठी. कॉफीचे छोटे कप मात्र जरूर घ्यावेत. जायफळाची कॉफी तेवढीच बरी लागते. आणि बशीत ओतून पिणं हे गावंढळपणाचं लक्षण नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रजही खोलगट बशीतून पीत, आणि रिकामा कप टेकवायला वेगळ्या छोट्या ताटल्या निघाल्या होत्या.

'चिनीमाती म्हणजे हाडं' असं माळकरी घरांतून ऐकू येतं. साध्या चिनीमातीत हाडं नसतात. ती केओलिन, फेल्डस्पार आणि गारेची. हाडांची राख असते बोन चायनात, साधारण निम्मी. हा प्रकार स्पोडने अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रुळवला. उजेडासमोर धरून बोटांची सावली दिसली की बोन चायना, ही परीक्षा अपुरी आहे. पातळ पोर्सिलेनमधूनही सावली दिसते. बोन चायनाचा पांढरा रंग किंचित दुधाळ-उबदार, पोर्सिलेनचा निळसर. नखाने टिचकी मारून वय कळत नाही. चीर मात्र कळते, आवाज बद्द येतो.

माझ्या आजीला चिनी कप चालत नसे, पण कारण हाडं नव्हती. धातू घासून शुद्ध होतो, माती होत नाही, हे सोवळ्याचं गणित. याच सोवळ्यापायी, १८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली गेली तेव्हा ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, आणि टिळक-रानड्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. नाथांच्या गावातही हे गणित शाबूत होतं. वाड्यात पाहुण्यांचे कप फडताळात असत, आणि शेतावरच्या गड्याचा एक कप गोठ्याच्या कोनाड्यात, वेगळा. त्याने तो स्वतः विसळून पालथा ठेवायचा. घरातल्या कपाचा कान तुटला की तो तिकडे जाई.

मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानात असाच एक कप काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडलेला दिसला. किंमत पंधराशे. कान नाही, असं मी म्हटलं, तर दुकानदार हसून म्हणाला, "साहेब, तीच तर खऱ्या जुन्याची खूण."