दूरचा डॉक्टर, जवळचे दुखणे

डॉक्टर फोनवर औषध सांगतात, मग दवाखान्यात कशाला जायचे? दिवसाची हजेरी बुडते, गाडीभाडे जाते, वर रांगेत ताटकळावे लागते. आपल्या वस्त्यांत हा प्रश्न आता घरोघरी ऐकू येतो.

दुरून केलेला उपचार आपल्या समाजाला नवा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ साली छापून आलेले पत्र दिले आहे. त्याची बाळंतीण पत्नी गंभीर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, म्हणून तिला तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने बायकोकडे. तसाच तो परत गेला. स्पर्शही न करता न्यूमोनिया ठरला, औषध आले. ती माउली वाचली नाही.

आज तपासायला नाखूश असणारा आणि फोनवर औषध द्यायला नाखूश असणारा, असे दोन प्रकारचे डॉक्टर भेटतात. दोघांत फरक आहे. "पोट दाबून पाहिल्याशिवाय, छातीला नळी लावल्याशिवाय मी काय सांगू?" असे म्हणणारा डॉक्टर आपल्याला टाळत नाही. त्याला चुकीची भीती असते, कायद्याचीही असते. २०१८ साली रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. रुग्णाला न तपासता फोनवरून औषधे सांगितली, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. तेव्हापासून अनेक डॉक्टर फोनवर बोलायलाही बिचकू लागले.

पुढे करोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्राने नियमावली काढली. फोनवर सल्ला देता येतो, पण रुग्णाला समक्ष बोलवायचे की नाही हे डॉक्टरने ठरवायचे. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. नशेची औषधे अशी लिहून देता येत नाहीत. तातडीच्या दुखण्यात प्रथमोपचार सांगून लगेच दवाखान्यात पाठवायचे.

म्हणून मायभगिनींनो, साखर, रक्तदाब यांची नेहमीची विचारपूस किंवा रिपोर्ट दाखवणे यासाठी फोन जरूर वापरा. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटे हाताशी ठेवा. काही लपवू नका. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, बाळंतिणीचा ताप, तान्ह्याने दूध सोडणे यांत फोनवर विसंबू नका. शासनाच्या 'ई-संजीवनी' सेवेत आरोग्य केंद्रातील कर्मचारी तपासणी करून मोठ्या डॉक्टरांशी पडद्यावर गाठ घालून देतात. ती मोफत आहे. केंद्रात जाऊन विचारा.

पण फोन आला म्हणून केंद्रात डॉक्टर नको, असे कोणी म्हणू लागले तर गप्प बसू नका. वस्तीबाहेर उभा राहिलेला तो डॉक्टर उद्या पडद्यामागे उभा राहू नये, यासाठी आपणच जागे राहिले पाहिजे.