मुदपाकखान्यातला साधक

ख्रिस्ती साधनेवरची जाडजूड पुस्तकं बघून दडपण येत असेल, तर ब्रदर लॉरेन्सपासून सुरुवात करा. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस आधी सैनिक होता. लढाईत पाय दुखावला, पुढे १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि ते काम त्याला मुळीच आवडायचं नाही! (मला तर तो इथेच आपला वाटला.)

तरी त्याने तिथेच सवय लावून घेतली: देव आत्ता, इथे, शेजारीच आहे असं धरून त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचं. काम हाती घेताना मदत मागायची, जमलं की आभार मानायचे. चुकलं तर कबूल करायचं आणि पुढे जायचं, कुढत बसायचं नाही. भांड्यांच्या खडखडाटातही आपल्याला प्रार्थनेइतकीच शांतता मिळते, असं तो सांगे. पुढे तो मठातल्यांच्या चपला दुरुस्त करू लागला.

१६९१ मध्ये तो गेल्यावर जोसेफ द बोफोर यांनी त्याची पत्रं आणि संभाषणं प्रसिद्ध केली. आधी पत्रं वाचा. संभाषणं बोफोर यांच्या लेखणीतून आली आहेत. पत्रांत तो स्वतः बोलतो.